पाच खाडे आणि एक उतरा गंधार

३ जानेवारी २०२५, शुक्रवार. सकाळी व्हायोलिन शिकवणाऱ्या ताईच्या फोनवर एका विद्यार्थिनीच्या आईचा निरोप आला : ‘ताई, डिसेंबरचे पाच खाडे वजा करून ७५० रुपये पाठवले आहेत. या महिन्यापासून ती क्लासला येणार नाही. धन्यवाद.’

संध्याकाळी ताई माझ्याकडे आली, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “काका, मी काय दूध घालते का?”

मी हसलो. ती हसली नाही, म्हणून मीही आवरलं. पैशांबद्दल तिची तक्रार नव्हतीच. आठ तासांतले तीन झाले, तासाचे अडीचशे, म्हणजे साडेसातशे. हिशेब चोख होता. तिला लागला होता तो ‘खाडे’ हा शब्द. दूधवाल्याचे खाडे आपण कालनिर्णयच्या चौकोनात फुली मारून मांडतो आणि महिन्याच्या शेवटी वजा करतो. पण ही पद्धत त्या आईने शोधून काढली नव्हती. बारा वर्षांपूर्वी क्लास सुरू करताना ताईनेच सगळ्यांना सांगितलं होतं, “जितके तास होतील तितकेच पैसे द्या.” तेव्हा तिला ते प्रामाणिकपणाचं वाटलं होतं, आणि ते तसं होतंही.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. तबला हौशीपेक्षा थोडा बरा आणि व्यावसायिकापेक्षा बराच कमी वाजवतो. ताईच्या घरगुती बैठकांना साथीला असतो. पुढचे तीन रविवार आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर तिचा सगळा कारभार मांडून बसलो. त्यातून जे निघालं ते तिच्या परवानगीने लिहितो आहे. नावं कुणाचीच देत नाही. पुण्यात व्हायोलिन शिकवणारे मोजके, ओळखायला फार वेळ लागत नाही.

कारभार असा

ताई त्रेचाळीस वर्षांची. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, त्यातली बाहेरची खोली साडेचारनंतर क्लास होते. साडेचारच्या आधी नाही, कारण खालच्या मजल्यावरच्या आजोबांची दुपार. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला तिच्याकडे २२ विद्यार्थी होते : १६ मुलं, दोघा-दोघांच्या जोड्यांनी आठवड्यातून दोनदा पाऊण तास, आणि सहा मोठी माणसं, एकेकटी, आठवड्यातून एकदा तासभर. मुलांची फी महिना २,०००, मोठ्यांची २,४००. सगळे तास झाले तर महिन्याला ४६,४०० रुपये. आठवड्याला शिकवण्याचे तास १८.

बाकीचा वेळ ती वाजवते. इथे थोडं विषयांतर करतो, कारण ‘व्हायोलिन वादक’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच एक चित्र येतं. हिंदुस्थानी संगीतात हे वाद्य स्वतंत्र वादनासाठी रुजवलं ते गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एन. राजम् अशा मंडळींनी. गजाननबुवा तर गवईही होते आणि वादकही. पण पुण्यातल्या नोकरदार श्रोत्याच्या कानात व्हायोलिन बसलं ते भावगीतांमधून. प्रभाकर जोग (१९३२–२०२१) व्हायोलिनवर गाणं असं वाजवायचे की शब्द ऐकू आल्याचा भास व्हायचा. ते ऐकून मोठे झालेले आईबाप आज मुलाला क्लासला घालतात आणि सहा महिन्यांत विचारतात, “एखादं गाणं बसवलं का?” सहा महिन्यांत सा लागला तर नशीब, हे त्यांना कोण सांगणार!

तर ताईचं वाजवणं तीन प्रकारचं. भावगीत-नाट्यगीतांच्या कार्यक्रमांत साथ, हा मोठा भाग. अधूनमधून ध्वनिमुद्रण. आणि वर्षातून चार-पाच वेळा स्वतःची स्वतंत्र बैठक, जिच्यासाठी ती खरं म्हणजे जगते. या सगळ्याला हंगाम असतो. गणपतीत सुरू होतो, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी पहाट, मग डिसेंबरातले महोत्सव, आणि जानेवारीच्या अखेरीस ओसरतो. मे-जूनमध्ये फोन वाजत नाही.

वही, कालनिर्णय आणि फोन

तिच्याकडे तीन ठिकाणी नोंदी होत्या. क्लासचे तास भिंतीवरच्या कालनिर्णयवर. कार्यक्रम फोनमध्ये. आणि तिसरी एक वही, जिचा मला पत्ताच नव्हता : रियाजाची वही. तिच्या गुरुजींनी शिकत असताना लावलेली सवय. रोजची तारीख, राग, किती मिनिटं. वीस वर्षांच्या अशा वह्या तिच्या कपाटात आहेत. माझ्या अख्ख्या नोकरीत मला एवढ्या नेटकेपणाने लिहिलेली खातेवही क्वचित दिसली.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ चे आकडे आधी मांडले. कार्यक्रम १६, तालमी २२. ठरलेलं मानधन एकूण ८४,०००. एका कार्यक्रमाला घरातून निघून परत येईपर्यंत सरासरी सहा तास धरले, तालमीला तीन. बेरीज १६२ तास. रिक्षा-टॅक्सी, तारा आणि गजाचे केस बदलणं मिळून खर्च १५,०००. (पहाटेच्या कार्यक्रमाचा साउंड चेक चार वाजता. मेट्रो वनाजहून सुटते खरी, पण तेव्हा नाही.) हातात उरतात ६९,०००, म्हणजे तासाला साधारण ४२६ रुपये. शिकवण्याचा तास तिला ६४४ रुपयांना पडतो.

हे बघून ती बराच वेळ गप्प बसली. तिच्या डोक्यात आजवर उलटं होतं : कार्यक्रम म्हणजे मिळकत, शिकवणी म्हणजे घरखर्च.

मग खाडे. त्या तीन महिन्यांत फी यायला हवी होती १,३९,२००. आली ९८,०००. तूट ४१,२००. यातले सुमारे १४,००० मुलांच्या स्वतःच्या रजांचे : दिवाळीत गावाला गेली, सहामाही परीक्षा होती, आणि मोठी माणसं तर सवाई गंधर्व महोत्सवाच्या आठवड्यात स्वतःच दांडी मारतात. उरलेले २७,२०० ताईने रद्द केलेल्या तासांचे. ते कार्यक्रमांच्या नावावर टाकले की ६९,००० चे ४१,८०० उरतात, आणि तासाला मिळतात २५८ रुपये.

तेही मिळतात तेव्हा. २०२४ ची दिवाळी विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर आली, मतदान २० नोव्हेंबरला. पहाट कार्यक्रमांना पैसा लावणाऱ्यांत इच्छुक मंडळी बरीच. “आचारसंहिता संपू द्या, मग बसू,” असं ताईने किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. ८४,००० पैकी ३१ डिसेंबरपर्यंत हातात आले ३८,५००. त्यातून खर्च आणि बुडालेली फी वजा करा : उणे ३,७००. सोळा कार्यक्रम वाजवून वर्षाच्या शेवटी ती तोट्यात होती. मार्चअखेर आणखी ३३,५०० आले. एका इव्हेंटवाल्याने त्यातही दहा टक्के टीडीएस कापला होता. त्याने तिला वर्षभरात दिलेली रक्कम तेव्हाच्या ३० हजारांच्या मर्यादेच्या आत होती, कापायची काही गरज नव्हती. ते विवरणपत्र भरून परत मिळवता येतं, मिळवलं. एका इच्छुकाच्या पहाटेचे १२,००० आजही यायचे आहेत. तो निवडून आला नाही. आला असता तर मिळाले असते की नाही, यावर आमचा वाद आहे.

माझा पहिला सल्ला, जो चुकला

एवढं सगळं मांडल्यावर कुठलाही बँकवाला जे म्हणेल तेच मी म्हटलं, “मग कार्यक्रम कमी कर की. दहा विद्यार्थी वाढव.”

ताई रागावली. माझ्यावर ती कधी रागावत नाही. म्हणाली, “काका, मी वाजवते म्हणून शिकवते. वाजवणं सोडलं तर मी नुसत्या सूर-अलंकारांच्या वह्या तपासेन.”

मला ते भावनेचं बोलणं वाटलं. म्हणून पुढच्या रविवारी मी तिला २२ विद्यार्थी कुठून आले ते एकेक करून सांगायला लावलं. नऊ जण तिला कुठल्या तरी मंचावर ऐकून आले होते. आठ जण त्या नऊंच्या ओळखीतले. उरलेले पाच इमारतीखालची पाटी बघून किंवा फोनवर शोधून. म्हणजे २२ पैकी १७ जण थेट किंवा फिरून मंचावरूनच आले. कार्यक्रम हीच तिच्या क्लासची पाटी होती, आणि त्या पाटीचा खर्च मी मघाशी तोट्यात धरला होता. सल्ला मागे घेतला.

ऑनलाइनचा विचार झाला. तो तिने आधीच करून पाहिला होता. व्हायोलिनचा लांब धरलेला सूर व्हिडिओ कॉलच्या यंत्रणेला पार्श्वभूमीतला गोंगाट वाटतो आणि ती तो दाबून टाकते. त्यासाठी मूळ आवाज तसाच ठेवण्याची सोय शोधून चालू करावी लागते, तीही मुलाच्या घरच्या फोनवर. आणि मुख्य अडचण वेगळीच : तारा कोण लावणार? डिसेंबरच्या कोरड्या हवेत खुंट्या घसरतात. एका आईने ताईच्या सांगण्यावरून फोनसमोर खुंटी पिळली आणि वरची तार तटकन तुटून तिच्या मनगटाला लागली. त्यानंतर ऑनलाइनचं नाव कुणी काढलं नाही.

फी वाढवणं हा उपाय होताच. पण नुसती फी वाढवून खाडे तसेच ठेवले, तर हंगामातली तूट उलट मोठी होणार. हे मात्र माझ्या बँकेच्या डोक्यात लगेच आलं.

त्या मुलीचं काय झालं

इथपर्यंत आम्ही पैशांबद्दल बोलत होतो. तिसऱ्या रविवारी मी विचारलं, “पण ती मुलगी नेमकी का गेली? पाच तास बुडाले म्हणून कुणी क्लास सोडत नाही.”

दुसऱ्या एका मुलाचे त्या हंगामात सात तास बुडाले होते. तो आनंदाने येत होता.

मुलगी नऊ वर्षांची. मंगळवार-शुक्रवार. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसली होती. या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. म्हणजे दुसरं सत्र नेमकं हंगामात. तिची परीक्षा २२ डिसेंबरला. २९ नोव्हेंबरचा तास झाला. मग ताई एका दौऱ्यावर गेली, परत आली तर एका कार्यक्रमाच्या तालमी. ३, ६, १० आणि १३ डिसेंबरचे तास गेले. पुढचा तास एकदम १७ ला. पाचवा खाडा २४ तारखेचा, पण तोवर परीक्षा होऊन गेली होती.

या अठरा दिवसांत घरी काय घडलं ते ताईला १७ तारखेला कळलं. बाबांनी परीक्षेची भेट म्हणून नवं व्हायोलिन आणलं होतं. मुलगी आतापर्यंत हाफ साइज वाजवत होती. त्यांनी आणलं थ्री-फोर्थ, एक माप मोठं. (पुण्यातले पालक व्हायोलिन शाळेच्या गणवेशासारखं घेतात, ‘पुढे मोठी होईलच की’ या हिशेबाने. ताई त्यांना हात लांब करून दाखवते, मोजून दाखवते, तरी.) तिच्या हाताला ते फार मोठं होतं असंही नाही, सहा महिन्यांनी तिला तेच लागलं असतं. गोची वेगळी होती.

सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या. व्हायोलिनला काहीच नाही. सूर कुठे आहे ते बोटाने लक्षात ठेवायचं आणि कानाने पारखायचं. मुलांचा कान तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून ताई फिंगरबोर्डवर बारीक चिकटपट्ट्या लावून देते : इथे रे, इथे ग. मोठ्या व्हायोलिनवर तार लांब, त्यामुळे दोन सुरांमधलं अंतरही थोडं जास्त. नव्या व्हायोलिनवर पट्ट्या नव्हत्या. मुलीचं बोट जुन्या सवयीने जुन्याच अंतरावर पडत होतं, म्हणजे हवं त्याच्या किंचित आधी. गंधार, म्हणजे ग, उतरा लागत होता : जागेपेक्षा किंचित खाली. फार नाही, पण कोमल गंधाराकडे झुकेल इतका. आणि आई कडक. रोज अर्धा तास मुलीला बसवत होती, एक दिवस चुकवला नाही. अठरा दिवस, रोज अर्धा तास, ती उतरा गंधार घोटत होती.

१७ ला ताईने पट्ट्या लावल्या. पण आता बोट डोळ्यांचं ऐकेना. दोन तासांत जेवढं दुरुस्त होईल तेवढं केलं. परीक्षकांनी भूप रागाचा आरोह, म्हणजे चढते सूर, दोनदा वाजवायला लावला, एवढंच. ओरडले नाहीत, काही नाही. मुलीला मात्र दुसऱ्यांदा कशाला वाजवायला लावलं ते समजलं, आणि बाहेर येऊन ती रडली. ती पास झाली. पण घरी वाद्य हातात घ्यायचं तिने सोडलं ते सोडलंच.

सगळ्यात मन लावून रियाज करणाऱ्या मुलीचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. आळशी असती तर वाचली असती.

हे ऐकल्यावर मी कालनिर्णयची पानं पुन्हा उलटली. सात खाड्यांच्या त्या मुलाचे दोन तास लागोपाठ कधीच बुडाले नव्हते. त्याच्यासाठी सगळ्यात मोठा खंड सात दिवसांचा होता. आम्ही तीन रविवार खाडे मोजत होतो. मोजायला हवा होता खंड. बुडालेला तास नंतर भरून दिला तर आईचा हिशेब मिटतो, पण मधल्या अठरा दिवसांत बोटाने जे पाठ केलं ते मिटत नाही. दूध एक दिवस आलं नाही तर दुसऱ्या दिवशीचं दूध नासत नाही, इथे नासतं. “तू दूधच घालतेस, पण विरजणाचं,” असं मी तिला म्हणालो. तिला विनोद आवडला नाही, पण मुद्दा पटला.

मग तिने आपणहून रियाजाची वही पुढे सरकवली. जुलैत रोज सरासरी दोन तास. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंचवीस मिनिटं, त्यातही कार्यक्रमातली गाणी. राग हा शब्द वहीत सलग बावीस दिवस नव्हता. २८ डिसेंबरला एरंडवण्यात एका घरी तिची बैठक होती, चाळीसेक श्रोते. मारुबिहाग राग वाजवला. तबल्याला मीच होतो. द्रुत लयीत वरच्या पंचमावर दोनदा बोट घसरलं. बैठक संपल्यावर एक जुने श्रोते तिला म्हणाले, “छान झालं. हात जरा जड वाटला आज.” मलाही ते वाजवतानाच जाणवलं होतं. मी बोललो नव्हतो.

त्या सोळा कार्यक्रमांनी मुलीचा रियाज बिघडवला आणि बाईंचाही. दोघींना तपासायला कुणी नव्हतं.

मार्चमधली सभा

जानेवारीत एकूण चार मुलं गेली : ती मुलगी, तिची जोडीदार, आणि एक भाऊ-बहीण. उरले १२ आणि ६. मार्चच्या एका रविवारी ताईने पालकांना चहाला बोलावलं आणि एक पान वाटलं. ते पान आम्ही सात वेळा लिहिलं होतं. त्यातलं मुख्य असं.

वर्षाचे शिकवण्याचे आठवडे ३८. मे महिना सुट्टी, गणपतीचे दोन आठवडे, दिवाळीचे दोन आठवडे. शिवाय सहा ‘फिरते’ आठवडे, जे ताई तीन आठवडे आधी कळवून घेईल, पण लागोपाठ दोन कधीच नाहीत आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्यात एकही नाही. मुलांची फी तिमाही ५,२५०, मोठ्यांची ५,७००. खाडे वजा होणार नाहीत. मुलाने दांडी मारली तर दुसऱ्या जोडीबरोबर जागा असेल तेव्हा बसता येईल. ताईकडून वर्षाचे ७६ तास पुरे झाले नाहीत तर उरलेल्यांचे पैसे वर्षअखेरीस परत.

आणि एक वाक्य, ज्यावर आमची सगळ्यात जास्त चर्चा झाली : कुठल्याही मुलाचं वाद्य आणि सूर दहा दिवसांच्या आत कुणीतरी जाणत्याने तपासलेला असेल.

हे ‘कुणीतरी’ म्हणजे ताईची ज्येष्ठ विद्यार्थिनी. बावीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, अकरा वर्षं ताईकडे शिकलेली. ताई बाहेरगावी असेल तेव्हा तिने यायचं, प्रत्येक जोडीला वीस मिनिटं बघायचं : तारा लावायच्या, बोटं तपासायची, पट्ट्या हलल्या असतील तर सरकवायच्या. नवीन काही शिकवायचं नाही. जोडीमागे २०० रुपये, ताईच्या खिशातून. ताई आधी याला तयार नव्हती. “माझ्यावर विश्वास ठेवून पाठवतात, आणि मी दुसऱ्याच्या हातात सोपवू?” मी म्हटलं, “तुझ्या गुरुजींकडे पहिली दोन वर्षं तुला कोणी बसवलं?” त्यांच्याच एका ज्येष्ठ शिष्याने. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं आहे. आपण दर तासाची पावती फाडायला लागलो तेव्हा ते अप्रामाणिक वाटायला लागलं.

सभेत फार गोंधळ झाला नाही. आयटीतल्या एका बाबांनी विचारलं, “म्हणजे आम्ही सुट्टीचेही पैसे द्यायचे?” ताईने त्यांना वर्षाचा भागाकार दाखवला. आधी तासाला २५०, आता २७६. त्यांनी मोबाइलवर तो पुन्हा केला आणि मान हलवली. दुसऱ्या एकाला जीएसटीचं बिल हवं होतं. वीस लाखांच्या खालच्या उलाढालीला नोंदणी लागत नाही, हे मी सांगितलं. वीस लाख हा आकडा ऐकून ताईला जे हसू आलं ते पुढची पाच मिनिटं थांबेना. एक आजी मात्र नाराज होत्या. “आमच्या वेळी गुरूंना फी विचारायची पद्धत नव्हती,” म्हणाल्या. मग त्यांच्या वेळी गुरूंचं घर कसं चालायचं, हे कुणीच विचारलं नाही. चहा संपला.

नव्या पद्धतीने १८ जणांचे वर्षाचे ३,८८,८०० होतात, महिना ३२,४००. आधीच्या वर्षी २२ जणांकडून प्रत्यक्ष हाती आले होते त्यापेक्षा हे थोडे कमीच आहेत. पण ऑक्टोबरातही तेवढेच येतात आणि जूनमध्येही. एप्रिलला पहिला हप्ता जमा झाला तेव्हा ताईने तारांचा चांगला संच मागवला, कार्यक्रमाचं पाकीट यायची वाट न बघता.

यंदाचा हंगाम

२०२५ च्या गणपतीपासून डिसेंबरपर्यंत तिने अनेक कार्यक्रमांना नाही म्हटलं. ऑक्टोबर ते डिसेंबर अकरा वाजवले. प्रत्येकाला निम्मं मानधन आधी मागितलं. तिघांनी त्यावर फोन ठेवला. एकाने “ताई, तुम्ही पण?” असं विचारलं. बाकीच्यांनी काही न बोलता पाठवले, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. इतकी वर्षं मागितले असते तर?

कुठल्याही मुलाचा सगळ्यात मोठा खंड नऊ दिवसांचा राहिला. एकदा तेरा झाला, ज्येष्ठ विद्यार्थिनीला ताप आला तेव्हा. विद्यार्थी आता वीस. रियाजाची वही हंगामात रोज सरासरी सत्तर मिनिटं सांगते. ताई यावर समाधानी नाही. सकाळी साडेपाच ते साडेसात ही वेळ तिने कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे, पण तिचा मुलगा दहावीला आहे आणि डबाही त्याच वेळेत होतो. यावर माझ्याकडे उपाय नाही. तिच्या नवऱ्याकडे आहे, असं माझ्या बायकोचं मत.

ती मुलगी परत आली नाही. तिची आई ताईला करिश्मा सोसायटीजवळ भाजी घेताना भेटते. दोघी बोलतात, मुलीच्या शाळेबद्दल, चित्रकलेबद्दल. थ्री-फोर्थ व्हायोलिन विकायचं आहे का, हे विचारायचं ताईच्या ओठावर येतं, कारण एका मुलाला आता तेच लागणार आहे. अजून विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात ज्येष्ठ विद्यार्थिनीला पहिल्यांदा एका कार्यक्रमात साथीला बोलावणं आलं. कार्यक्रम नेमका तपासणीच्या दिवशी. तिने ताईला फोन करून आनंदाने सगळं सांगितलं, आणि मग जरा थांबून विचारलं, “ताई, माझा खाडा कसा धरायचा?”